बनुबाई नादार आहे काय?

२ जुलै १९७२, रविवार
आजपासून दर रविवारी नऊ ते बारा गरिबांस दिवाणी कामात मोफत सल्ला. घराच्या पुढच्या खोलीवर पाटी लावली. पेंटरने 'श्रीमंत औटी, वकील' यातला 'श्रीमंत' फार मोठा काढला, 'गरिबांस मोफत' खाली कोपऱ्यात. बारापर्यंत कोणी नाही. सौ. म्हणाली, पाटी वाचून गरीब पुढे निघून जात असतील. माझ्या नावाची थट्टा करायची तिला सवयच आहे. संकल्प : वर्षअखेर शंभर गरजूंना न्याय.

९ जुलै, रविवार
पहिली पक्षकार! बनुबाई, पारनेरकडच्या एका वाडीची. नवरा चैत्रात वारला. तेरावा झाल्यावर ही चार दिवस माहेरी गेली, तेवढ्यात दीर सूर्यभान याने तिच्या घराला आपले कुलूप घातले. दोन खणांचे घर, नवऱ्याने स्वतः बांधलेले. आता शेजारणीच्या गोठ्यात निजते. म्हणाली, "जातं आत, भांडी आत. तेवढं कुलूप काडून द्या, वकीलसायेब." समजावले की कुलूप असे काढता येत नाही, दावा लावावा लागतो. महिन्यात चावी तुमच्या हातात. पाया पडू लागली. मी नको म्हणालो. जरा उशिराच म्हणालो.

१६ जुलै, रविवार
दाव्याचा मसुदा तयार. एकवीस पाने. राज्यघटना, माणुसकी, दोन लॅटिन वचने. बाररूममधले ज्येष्ठ काकासाहेब यांना वाचून दाखवला. त्यांनी विचारले, घर नेमके कुठे आहे ते कुठल्या पानावर? ते राहिले होते. किरकोळ.

१ ऑगस्ट, मंगळवार
कोर्ट-फी भरायला बाईकडे काही नाही. कायद्याने सोय केली आहे : नादार म्हणून अर्ज करायचा, फी माफ. फक्त ती खरोखर नादार आहे काय याची आधी चौकशी. तारीख ११ सप्टेंबर. बनुबाई म्हणाली, "मी गरीब हाय हे बगायला इतकं दिवस?" निव्वळ फॉर्मॅलिटी, म्हणालो. सौ. म्हणते, फी तुम्हीच भरून टाका. तिला तत्त्व कळत नाही.

११ सप्टेंबर, सोमवार
तलाठ्याचा दाखला आला : अर्जदार बाईच्या मालकीचे एक घर आहे, सबब नादार म्हणता येत नाही. सूर्यभानच्या वकिलाने तोच धागा धरला. मी म्हणालो, त्याच घराला यांनी कुलूप घातले आहे! मुद्दा विचार करण्यासारखा ठरला. पुढली तारीख २४ नोव्हेंबर. मी हा विजयच समजतो. घर तिचेच आहे, हे विरुद्ध पक्षाने भर कोर्टात मान्य केले! बनुबाईला सांगितले. तिने विचारले, "मंग आत जाऊ का?"
नाही, म्हणालो.

८ ऑक्टोबर, रविवार
बनुबाई दर रविवारी येते. सुप्यापर्यंत चालत, पुढे मिळेल त्या ट्रकने. आज म्हणाली, सूर्यभान घरावर चढून पत्रे बघत होता, सोबत एक व्यापारी. "लवकर कायतरी करा." मनाईहुकूम मागता येईल. पण घाईत मसुदा बिघडतो. दिवाळीनंतर सवडीने.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार. अकोले
येथील मंडळात व्याख्यान. विषय : गरिबांच्या दारी न्याय. फार आग्रह, नाही म्हणवेना. तारीख आजचीच होती, पण मुदतीचा अर्ज काकासाहेबांकडे देऊन आलो. हार, नारळ, टाळ्या. बनुबाईचे उदाहरण दिले तेव्हा पुढच्या रांगेतल्या एक बाई डोळे पुसत होत्या. मनाईहुकुमाचे उद्यापासून.

२५ नोव्हेंबर, शनिवार
काकासाहेब अर्ज कोटाच्या खिशातच विसरले. पुकारा झाला तेव्हा बनुबाई एकटी उभी. वकील कुठे, असे विचारल्यावर तिने सांगितले, "ते गरिबांसाठी भाषन कराया गेल्यात." कोर्ट हसले म्हणे. नादारीचा अर्ज काढून टाकला. पुन्हा दाखल करता येतो. तसा कायदा आहे.

१७ डिसेंबर, रविवार
सूर्यभानने गेल्या आठवड्यात पत्रे उतरवले, वासे काढले, सगळे विकले. मातीच्या भिंती ढकलून दिल्या. चौथरा उरला आहे. बनुबाईने हे सांगितले तेव्हा ती रडत नव्हती. मी बराच वेळ दिवाणी कायद्याच्या कोडची पाने उलटत राहिलो. नुकसानभरपाईचा दावा होतो, म्हणालो. तिने विचारले, "घर न्हाई आता. आता तरी मी नादार हाय ना?"
हो म्हणालो. सौ.ने तिला जेवायला वाढले. मला आज भूक नव्हती.

३१ डिसेंबर, रविवार
बनुबाई आली, पण दाव्याचे विचारायला नव्हे. रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला घेत नाहीत, मुकादम नाव लिहीत नाही, चिठ्ठी द्या म्हणाली. चार ओळी लिहून दिल्या. हे वकिलाचे काम नव्हे, असे सांगणार होतो. सांगितले नाही.

७ जानेवारी १९७३, रविवार
सकाळी दार उघडले तर ओट्यावर अकरा बाया! अखेर चळवळ पसरली. कोट चढवला, कोड काढले, पहिलीला आत बोलावले. बनुबाईचे नाव कामावर लागले म्हणून ऐकून आल्या होत्या. अकराही जणींना मुकादमाच्या नावे चिठ्ठी हवी. बारापर्यंत लिहीत बसलो. शेवटची म्हातारी भिंतीवरची पुस्तके बघत होती. जाताना तिने विचारले, "कोर्टाचं काम बी करता का तुमी?"
नाही, म्हणालो.