शेंदराखालची नावं

प्रिय आज्जा,

मंगळवारी पंचायतीच्या हॉलात मेंबर म्हणाले, "नावंच न्हाईत त्या दगडावर. कसलं आलंय युद्धाचं स्मारक?" सगळे हसले. तिथंच माझं सगळं बदललं. तोवर मी कॉलेज अर्धवट सोडून रामनगरात भटकणारा एक पोरगा होतो. आता गावाशी भांडण काढलेला पोरगा आहे. तू गेलास, आणि आज तुलाच लिहायला बसलोय, कारण मला तुझ्याशीही भांडायचं आहे.

बाजारातला आपला दगड उचलून देवळामागे टाकणार आहेत. त्या जागी काळा चकचकीत ग्रॅनाइट येतोय. वर ठळक अक्षरात देणगीदारांची नावं, खाली बारीक अक्षरात 'अज्ञात वीर जवान'. अज्ञात! तुझा थोरला भाऊ, आपला व्यंकूआज्जा, अज्ञात?

आपलं जुनं गाव सुपा धरणात गेलं तेव्हा लोकांनी घरांची कौलं काढून आणली, दारं-खिडक्या आणल्या. तू आणि तुझ्या जोडीदारांनी हा दगड बैलगाडीवर घालून आणला. तुझी आई म्हणे चुलीपुढून उठायलाच तयार नव्हती. "माझ्या पोराला पाण्यात सोडून मी येनार न्हाई." पलटणीत गेलेल्या व्यंकूआज्जाचं प्रेत आलं नाही, राखही आली नाही. त्या माउलीला पोरगा म्हणून उरलं होतं ते दगडावर कोरलेलं नाव. हे तूच मला सांगायचास ना?

मग तूच काय केलंस?

नव्या भाताची पहिली लोंबी तू त्या दगडाला वाहिलीस, तेल घातलंस. तुझं बघून बाकीच्यांनीही घातलं. मग कुणी शेंदूर फासला. वराती थांबू लागल्या, नारळ फुटू लागले, नवस सुरू झाले. थरावर थर चढत गेला आणि नावं आत बुजली. तुम्ही त्या पोरांना देव केलंत आणि वाचायचं सोडून दिलंत. निदान एकदा तरी मला बोट धरून ती अक्षरं दाखवायचीस. नुसता पाया पड म्हणालास. मेंबरांचा राग येतोच, पण आज्जा, त्याहून जास्त तुझा येतो.

मी हॉलात उभा राहून सांगितलं, शेंदूर काढा, खाली नावं आहेत. मग त्या दगडाला नवस बोलणारी गंगाक्का म्हणाली, "देवाचं कातडं सोलतोस व्हय रे?"

"अक्का, देव न्हाई त्यो. आपल्याच घरची मानसं हायत."

मेंबर खुर्चीतून म्हणाले, "दुसऱ्या वर्षात पळून आलाय आनि आमाला इतिहास शिकवतोय. आधी परीक्षेला बस, मास्तर."

आता हे मेंबर कोण? सुजाताचे बाबा. माझं नशीब बघ.

सुजाता गणेशगुडीला एका लॉजवर कामाला आहे. मीही तिथंच राफ्टिंगच्या बोटी वाहायला लागलो, का तर संध्याकाळी एकाच बसनं परत येता यावं. ती पुढं बसते, मी मागून तिची वेणी बघत राहतो, रामनगर कधी आलं कळत नाही.

काल बसमधून उतरल्यावर ती थांबली. "सुऱ्या, रविवारी ग्रॅनाइट बसू दे. तू गप ऱ्हा. मग मी बाबांपुढं आपला विषय काढते."

"आनि दगड?"

"लगीन दगडाशी करनार हायस का माझ्याशी?"

"आपली वरात कुठं थांबनार मग? देनगीदारांपुढं?"

ती हसली नाही. "त्याला खरवडलंस, तर आई तुला दारात उभं करनार न्हाई. मी पन न्हाई." तिचे डोळे भरले होते. तिचा हात धरावासा वाटला, आणि तिच्यावर ओरडावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. घरी आलो.

रात्रभर तिच्या बाजूनं विचार करून बघितला. गप्प बसलो तर सुजाता मिळेल. मग रोज बाजारात जाताना तो 'अज्ञात' शब्द वाचायचा, आणि पोरं झाली की त्यांनाही तोच वाचायला शिकवायचं. ते माझ्यानं होणार नाही, आज्जा.

शेंदूर सुटावा म्हणून चुलीवर सोडा घालून पाणी कढवलंय. नारळाचा काथ्या घेतलाय. लोखंड लावणार नाही, अक्षराला ओरखडा नको. आज बाजार आहे, सगळं गाव तिथंच असेल. असू दे. ज्याला मारायचं त्यानं मारावं.

शब्द देतो तुला. व्यंकूआज्जाचं नाव बोटाला लागेपर्यंत हात थांबवणार नाही. मग बाकीच्यांची उघडी करीन आणि भर बाजारात मोठ्यानं वाचीन. सुजाता बघायला येईल की तोंड फिरवील, ठाऊक नाही.

पाणी निवायच्या आत पोचायला हवं. आता बादली उचलतो. बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.

तुझाच,
सुऱ्या