दोन मजकुरांची पत्रिका

मंगळवार, १४ नोव्हेंबर
प्रेसमधून, जेवणाच्या सुट्टीत

प्रिय ताई,

वाकून नमस्कार. भाऊजींनाही सांग. चिमणीचा हलणारा दात पडला का ते कळव. तुझा गुडघा कसा आहे? शेकतेस ना, की नुसतंच "हो हो" म्हणतेस?

माझी तब्येत चांगली आहे. प्रेसमध्ये सध्या कामाची गर्दी आहे. मालकांनी मला पाठीला टेकू असलेली खुर्ची आणून दिली. म्हणाले, "टिंबशेठ, तुमची मान आता प्रश्नचिन्हासारखी झाली आहे." प्रूफात एक टिंबही सोडत नाही म्हणून पडलेलं माझं हे नाव आता गिऱ्हाइकंही घेतात. परवा एक बाई विचारत आल्या, "टिंबशेठ कोण? त्यांच्याकडूनच तपासून हवं आहे." मला बरं वाटलं, आणि लगेच वाईट वाटलं. वाईट का वाटलं ते या पत्रात येईलच.

एवढं शेजारच्या गल्लीत बोलल्यासारखं आपण फोनवर बोलतो, आणि मी पत्र का लिहितो आहे असं तुला वाटेल. फोनवर मी तुला खोटं सांगितलं असतं. तीनदा तुझा नंबर लावला आणि तीनही वेळा तोंडात तेच खोटं तयार होतं, म्हणून ठेवून दिला.

तू चोवीस तारखेचं तिकीट काढलं आहेस. त्याचं शेवटी लिहितो. आधी पत्रिकेचं.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी क्रमाने लिहितो, मला क्रमाशिवाय जमत नाही. सात मार्चला आम्ही दोघांनी रजिस्टर लग्न केलं. तिच्या हॉस्पिटलच्या क्वार्टर्स लग्न झालेल्या नर्सेसनाच मिळतात आणि यादी दहा तारखेला बंद होणार होती. साक्षीला मालक आणि तिची वॉर्डातली मैत्रीण. तिथून ती ड्यूटीवर गेली, मी प्रेसमध्ये आलो आणि औषधाच्या खोक्यांची लेबलं तपासली. हे तिच्या वडिलांना सांगायचं नाही असं तिने ठरवलं होतं.

तिचे वडील म्हणजे मास्तर. तू त्यांना पाहिलेलं नाहीस. चाळीस वर्षं नवरदेवांचे कोट शिवतात. त्यांची एक पद्धत आहे. प्रत्येक नवरदेवाच्या कोटाच्या आतल्या खिशात, अस्तरावर, लग्नाची तारीख बारीक दोऱ्याने घालून देतात. कुणी सांगत नाही, कुणाला दिसतही नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "तारीख विसरतात रे लोक. कोट विसरत नाही." आणि त्यांची इच्छा एकच. "एवढ्या लग्नांत कपडे पोचवले आणि मागच्या दाराने परत आलो. एका लग्नात पहिल्या रांगेत बसायचंय." हे वाक्य ऐकल्यावर त्यांना कोण सांगणार की लग्न होऊन गेलं? तिचं म्हणणं होतं, सव्वीस नोव्हेंबरला मोठा समारंभ करू, त्यांना पहिल्या रांगेत बसवू, आणि दुसऱ्या दिवशी मी स्वतः त्यांच्या पायाशी बसून सांगेन.

पत्रिकेचा मजकूर लिहायला बसलो आणि माझं घोडं अडलं. आमच्याकडे अशी जोडपी येतात, आधी रजिस्टर झालेली. मालकांचे नियम पाठ आहेत मला. झालेल्या लग्नाला "विवाहास यावे" असं छापायचं नाही, "आमच्या आनंदात सहभागी व्हा" असं छापायचं. मी तेच तिच्यापुढे मांडलं. ती म्हणाली, "एकच मजकूर टाक, विवाह म्हण. ज्यांना माहीत आहे ते समजून घेतील." मला ते जमेना. तुला मी "विवाहास यावे" असं कसं पाठवणार? तू तर सात मार्चला फोनवर रडली होतीस.

मग मी दोन मजकूर केले. एक खरा: सात मार्च रोजी आमचा नोंदणी विवाह झाला, त्या आनंदासाठी या. तो माहीत असलेल्यांना. दुसरा साधा: सव्वीस नोव्हेंबरला विवाह, अगत्य यावे. तो मास्तरांना आणि त्यांच्या बाजूच्या अठरा घरांना. दुसऱ्या मजकुराच्या पाकिटांवर कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक टिंब दिलं, गल्लत नको म्हणून.

मालक ते बघून म्हणाले, "टिंबशेठ, एका हॉलमध्ये दोन पत्रिका जेवायला बसल्या तर?"

मी म्हटलं, "सगळ्यांना बजावून ठेवलंय."

"बजाव. पण एक ऐक. पत्रिका बातमी सांगायला नसते. बातमी तोंडाने सांगायची, समोर बसून. पत्रिका तिच्या मागून जाते. बापाला पत्रिकेतून कळलं तर ते निमंत्रण राहत नाही, नोटीस होते."

मी मान हलवली. वहीतही लिहून ठेवलं.

आता जे झालं ते. मागच्या आठवड्यात सोमवारी मास्तरांच्या घरी जे पाकीट गेलं त्यात खरा मजकूर निघाला.

मी तिला सांगितलं की पाकिटं भरताना चूक झाली. मालकांनाही तेच सांगितलं. तुलाही फोनवर तेच सांगितलं असतं.

मास्तर मंगळवारी प्रेसमध्ये आले. हातात हँगरला माझा कोट होता, कच्च्या टाक्यांचा, फिटिंगसाठी. तारीख आधीच ठरली होती म्हणून आले असावेत असं मला आधी वाटलं. त्यांनी कोट दाराच्या खिळ्याला नीट लावला, खिशातून पत्रिका काढली, माझ्या टेबलावर ठेवली आणि बोट सात मार्चवर ठेवलं.

"छपाईत चूक झाली का?" त्यांनी विचारलं.

ताई, त्यांनी मला दार उघडून दिलं होतं. "हो मास्तर, दुसऱ्या कुणाचा मजकूर मिसळला" एवढं म्हटलं असतं तर ते मान हलवून गेले असते. मला वाटतं ते त्याच उत्तरासाठी आले होते.

मी म्हटलं, "नाही. मजकुराप्रमाणेच आहे."

त्यांनी बोट उचललं. मग विचारलं, "पहिल्या रांगेत कोण होतं?"

"रांग नव्हती. बाक होता."

"बाकावर?"

"मालक. आणि तिची मैत्रीण."

"बरं," म्हणाले. पत्रिकेची घडी केली, ती मापाच्या टेपेबरोबर खिशात ठेवली, आणि कोट काढून माझ्यापुढे धरला. "हात घाला."

माझ्या लक्षात यायला वेळ लागला. तोपर्यंत ते मला "अरे पोरा" म्हणायचे. हात घाला, वळा, सरळ उभे राहा. जावयाशी बोलावं तसं. खडूने खांद्यावर खूण केली. "उजवा खांदा तुमचा जरा उतरता आहे. सारखं वाकून बसता. मी आतून भरून देतो, कळणार नाही कुणाला." मी म्हटलं, मास्तर, मला अहो-जाहो नका करू. ते तोंडातली टाचणी काढत म्हणाले, "कसं चालेल? आठ महिने झाले तुम्हाला जावई होऊन."

कोट घेऊन ते गेले. मालक मशीनपाशीच उभे होते, पण मशीन बंद होती.

त्या दिवशी ती ड्यूटी संपवून आली. मी तिला चुकीचं सांगितलं, म्हणजे चूक झाली असं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि घरी जाऊन वडिलांनाही तेच सांगितलं, की पाकिटं बदलली, त्याचा दोष नाही, लपवलं ते मी. तेव्हापासून मास्तर तिच्याशी बोलत नाहीत. ताट वाढून ठेवतात, दिवा लावून ठेवतात, बोलत नाहीत.

गुरुवारी ती परत आली. तिने ते रिकामं पाकीट आणलं होतं. माझ्यापुढे धरलं. कोपऱ्यात पेन्सिलीचं टिंब होतं.

"टिंब बरोबर आहे," ती म्हणाली. "पाकीट बरोबर आहे. आत मात्र दुसरी पत्रिका. तुझ्या हातून अशी चूक होते?"

मी पाकीट उलटं करून डिंक बघितला.

"तुझ्या खोलीच्या भाड्याची पावती तू चारदा वाचतोस. औषधाच्या लेबलवर आपण एकदा भांडलो, तू एक शून्य पकडलं होतंस. सांग ना, होते का?"

ताई, आता लिहितो. चूक झाली नाही. मी हाताने घातली. घालण्याआधी वाचली, नेहमीप्रमाणे दोनदा, आणि डिंक लावला.

का, ते सांगतो. आदल्या शनिवारी मी माप द्यायला मास्तरांच्या दुकानात गेलो होतो. पडद्यामागे शर्ट काढून उभा होतो. तेवढ्यात तिचे काका आले. मी आत आहे हे त्यांना माहीत नव्हतं. म्हणाले, "मुलगा सरळ आहे, पण आठवी. आपली पोरगी एवढी शिकलेली. उद्या तिलाच लाज वाटेल." मास्तर म्हणाले, "अजून कुठे लग्न लागलंय?"

बस, एवढंच. पडद्यामागे उघड्या अंगाने उभा राहून मी ते ऐकलं, आणि मला वाटलं, मी आठ महिने नवरा आहे आणि यांच्या हिशोबात अजून माप द्यायला आलेलं गिऱ्हाईक आहे. आठवीचं तुला माहीत आहे. शाळा सुटली म्हणूनच मी एकेक काना-मात्रा डोळ्यांत तेल घालून शिकलो, कुणी बोट ठेवू नये म्हणून. आणि त्यांनी ठेवलं. त्या संध्याकाळी मी पाकिटं भरायला बसलो. मनात म्हटलं, खरंच तर आहे, खरं पाठवण्यात काय पाप?

हे सगळं मी तिला गुरुवारी सांगितलं. ती टेबलाला धरून बसली. म्हणाली, "काका वर्षभर हेच बोलतात. बाबा त्यांचं तोंड बंद करायला तसं म्हणतात. ते गेल्यावर बाबा मला म्हणाले होते, त्या मुलाच्या कोटाला चांगलं अस्तर आणायला हवं. तू मला विचारलं असतंस तर?"

मी म्हटलं, मी आत्ता मास्तरांकडे जातो, सांगतो की मी मुद्दाम केलं, तुझा दोष नाही.

ती म्हणाली, "जाऊ नकोस. आत्ता त्यांना वाटतंय की एका माणसाने फसवलं. एकच असू दे. दुसरा देऊ नकोस त्यांना. तुझा कोट ते रोज मांडीवर घेऊन बसतात."

मग उठली. क्वार्टरची किल्ली आली आहे, दोघांच्या नावाने. ती तिने टेबलावर ठेवली, पेपरवेटच्या बाजूला, सरळ रेषेत, जशी मला आवडते तशी. म्हणाली, "मी बाबांकडे राहीन. किती दिवस ते विचारू नकोस. आणि सव्वीसला काही होणार नाही, ते तू छाप."

तेच आज सकाळपासून छापतो आहे. "काही अपरिहार्य कारणास्तव" असं मालक म्हणत होते. मग स्वतःच म्हणाले, नको, कारण घालू नकोस. पण "विवाह रद्द" असं लिहिता येत नाही, कारण विवाह झालेला आहे. "समारंभ रद्द" लिहिलं. बरोबर आहे, मी तपासलं. खाली नावं दोघांची घालायची की एकाची, ते मालकांना विचारलं. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "नावं राहू दे. फक्त तारीख घाल."

काल दुपारी दुकानातून कोट आला. कागदात बांधलेला, चिठ्ठी नाही. मी घालून बघितला. उजवा खांदा बरोबर बसला. मग आतल्या खिशाचं अस्तर उलटं केलं. तिथे आधी सव्वीस नोव्हेंबर घातलेलं होतं, ते उसवलेलं आहे. दोरा काढला तरी सुईची भोकं राहतात, बोट फिरवलं की तारीख वाचता येते. त्याच्या शेजारी नवीन दोऱ्याने सात मार्च घातलं आहे. टाके नेहमीपेक्षा जरा वाकडे आहेत. मास्तरांचे टाके मी कधी वाकडे बघितले नाहीत.

मी जे मागत होतो ते त्यांनी दिलं, ताई. आणि ते मी तिला दाखवूही शकत नाही.

तू तिकीट रद्द करू नकोस. नवीन कपडे आणू नकोस, चिमणीला सांगू नकोस, पण तू ये. हॉलमध्ये नको, इथेच ये, प्रेसच्या मागच्या दाराने, ते उघडं असतं. मला शिव्या दे. त्यानंतर एकदा मास्तरांच्या दुकानात जा, माझं नाव काढू नकोस, भाऊजींच्या कोटाचं माप द्यायला आले आहे म्हण. ते तुझ्याशी बोलतील. मी पलीकडच्या फुटपाथवर उभा राहीन. तिथून त्यांचा पडदा दिसतो आणि घराचा जिनाही दिसतो. ती चार वाजता ड्यूटीला जाते.

हे पत्र मी तपासलेलं नाही. पहिल्यांदाच. काही चुकलं असेल तर तसंच राहू दे.

आठ महिने प्रत्येक पत्राच्या शेवटी "आम्हा दोघांचा नमस्कार" लिहीत होतो. या पत्रात तिचा नमस्कार धरू नकोस, मी तिला विचारलेलं नाही.

फक्त माझा.

तुझा धाकटा