मुलांच्या पाया पडल्यावरून अडलेला दाखला

प्रति,
मा. प्रशिक्षण अधिकारी साहेब,
बालवाडी शिक्षिका प्रशिक्षण वर्ग,
जिल्हा परभणी.

विषय : प्रशिक्षणार्थी चांगुणाबाई भ्र. मुंजाजी यांच्या ‘वर्तन व व्यावसायिक पात्रता’ या रकान्यातील शेरा काढून उत्तीर्ण दाखला मिळणेबाबत. (अर्ज चौथा)

संदर्भ : १) आपले पत्र क्र. वर्तन/११८, दि. २३ जानेवारी १९७६.
२) आपले पत्र क्र. वर्तन/१३१, दि. १६ फेब्रुवारी १९७६.
३) अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज. उत्तर नाही.

महोदय, सादर रामराम.

१. अर्जदार ही मौजे ताडकळस येथील राहणार, सातवी पास, कै. मुंजाजी यांची विधवा आहे. वर्षभराचे प्रशिक्षण तिने एकही दिवस गैरहजर न राहता पुरे केले व सर्व विषयांत ती पास आहे. दाखला मात्र अडला आहे. येत्या ३१ मार्चला तिला तीस वर्षे पुरी होतात. त्यानंतर दाखला मिळाला तरी नेमणूक मिळत नाही, असा नियम आहे. आज २४ तारीख आहे. दाखला न मिळाल्यास भावाच्या घरी परत जाऊन खुरपणीला लागणे, एवढेच तिच्या हाती उरते.

२. हकीकत अशी की, दि. ९ जानेवारी रोजी नव्या आबादीतील सराव बालवाडीत अर्जदाराचा शेवटचा पाठ होता. विषय ‘गोष्ट सांगणे’. तपासनीस साहेब खुर्चीवर, एकतीस मुले सतरंजीवर. अर्जदाराला कीर्तनाचे वेड लहानपणापासून आहे, त्यामुळे गोष्ट सांगताना तिचा आवाज आपोआप चालीवर जातो आणि मुलेही टाळ्यांचा ठेका धरतात. त्या दिवशीही धरला. साहेबांचा पायसुद्धा दोनदा हलला, हे अर्जदाराने पाहिले आहे. पाठाला शंभरपैकी एकाहत्तर गुण पडले.

३. पुढे जे झाले ते सवयीने झाले. आपल्या भागात कीर्तन संपले की बुवा श्रोत्यांच्या आणि श्रोते बुवांच्या पाया पडतात. म्हातारा पोराच्या पडतो, सासू सुनेच्या पडते. कोण थोर, कोण लहान, याचा हिशेब त्या घटकेला कोणी ठेवत नाही. गोष्ट संपली, अर्जदाराचे डोळे भरून आले आणि ती वाकून पहिल्या ओळीतील सत्यशीला या साडेचार वर्षांच्या मुलीच्या पाया पडली. सत्यशीलाही अर्जदाराच्या पाया पडली. मग सगळी मुले एकमेकांच्या पडू लागली. मुलांचे पाय संपले तेव्हा साहेब उरले होते. साहेबांनी बुटांसकट पाय खुर्चीवर ओढून घेतले. मुलांना वाटले, साहेब खेळायलेत. दोघे पाय शोधत खुर्चीखाली शिरले आणि खुर्ची कलंडली. साहेबांना लागले नाही. टोपी मात्र मळली. ती अर्जदाराने धुऊन, वाळवून दुसऱ्या दिवशी पोचती केली.

४. शेरा असा पडला : ‘विद्यार्थ्यांच्या पाया पडून शिक्षिकेच्या पदास कमीपणा आणला. वर्तन असमाधानकारक.’ आधार, नियमपत्रक कलम सात : शिक्षिकेने मुलांशी पदाला साजेल असे अंतर राखावे. अंतर किती, हे कलमात नाही. साडेचार वर्षांच्या लेकराचे नाक पुसायचे तर हात पोचेल इतपत असावे, अशी अर्जदाराची समजूत होती. सध्याचा काळ शिस्तीचा आहे हे तिला मान्य आहे. कचेरीच्या भिंतीवरही तसे लिहिले आहे.

५. यावर वसतिगृहाच्या अधीक्षिका सरजाबाई यांनी आईच्या मायेने सल्ला दिला, ‘अगं चांगुणे, भोवळ आली म्हण. भोवळीला काय वर्तन असतंय? लिही अन् मोकळी हो.’ सरजाबाईंचा हेतू चांगला होता. त्यांना दोष नाही. कचेरीने मागवलेल्या खुलाशात अर्जदाराने लिहिले की भोवळ आल्यामुळे ती खाली वाकली. या सगळ्या प्रकरणात तिच्या हातून वाईट वर्तन झाले असेल तर ते एवढेच, आणि ते तिने स्वतःच्या सहीने केले.

६. त्या खुलाशावरून पत्र क्र. ११८ निघाले. भोवळ येणारी बाई लहान मुले सांभाळण्यास शरीराने पात्र आहे काय, याचा वैद्यकीय दाखला आणावा. डॉक्टरसाहेबांनी अर्जदाराला एका पायावर उभे केले, जिना चार वेळा चढवला, डोळे मिटून सरळ रेषेत चालवले. शेवटी म्हणाले, ‘बाई, तुमची तब्येत माझ्यापेक्षा ठणठणीत आहे. भोवळ आली कुठून?’ त्यांनी तसा दाखला दिला. अर्जदार आनंदाने तो घेऊन आली आणि तिने तो कचेरीत स्वतःच्या हाताने दिला.

७. त्यावर पत्र क्र. १३१ आले. भोवळ नाही, त्या अर्थी खुलासा खोटा. खोटा खुलासा देणे हे आणखी गंभीर वर्तन. कारकून बन्सीधरराव यांनी समजावून सांगितले की भोवळीचा दाखला आणला तर खुलासा खरा ठरेल, पण मग ‘शरीराने अपात्र’ असा शेरा पडेल. सारांश, अर्जदार धडधाकट असेल तर वाईट आहे, आणि चांगली असेल तर आजारी आहे. दोन्हींपैकी एक होण्याची तिने पुष्कळ तयारी केली, परंतु दोन्ही वाटा दाखल्यापाशी येऊन अडतात.

८. सत्यशीलाचे वडील सूर्यभान यांनाही कचेरीत बोलावले होते. त्यांनी तोंडी सांगितले ते असे : ‘आमी धम्म घेतल्यापासून कुनाच्या पाया पडत न्हाई. तुमी लेकराला तसली सवय लावू नका बाई, ह्ये माझं सांगनं हाय. पर तुमी तिच्या पाया पडलाव ह्ये आयकून आमची म्हातारी चुलीम्होरं बसूनच ऱ्हायली. भाकर करपली तरी उठली न्हाई.’ सूर्यभान यांचे पहिले म्हणणे अर्जदाराने मानले व क्षमा मागितली. त्यांचे दुसरे म्हणणे कागदावर घ्यावे, अशी विनंती तिने केली. कचेरीने घेतले नाही. उलट, पहिल्या मुलीचे नाव अर्जातून गाळल्यास, धम्म घेतलेल्यांच्या मुलीच्या पाया पडल्याबद्दलचा गावातील मंडळींचा राग कमी होईल व काम सोपे होईल, असे तिला सुचवण्यात आले. नाव या अर्जातही आहे.

९. अर्जदार पाच वर्षांची असताना वडील ग्यानबा यांच्या खांद्यावर बसून कीर्तनाला जाई. एकदा कीर्तन संपल्यावर एक पांढऱ्या मिशांचा टाळकरी तिच्या पाया पडला. ती घाबरून बापाच्या धोतरात शिरली. पण त्या दिवसापासून तिने शेळीला कधी लाथ मारली नाही. ज्या पायांना कोणी हात लावला, ते पाय कुठे आपटावेत हे लेकराला आपोआप कळते. नियमपत्रकात हे नाही. तपासनीस साहेबांना हे सांगायचे राहून गेले, कारण त्या वेळी ते टोपी शोधत होते.

१०. मागील सोमवारी कचेरीने शेवटचा मार्ग म्हणून छापील हमीपत्र दिले. ‘मी यापुढे कोणत्याही ठिकाणी, कोणत्याही प्रसंगी विद्यार्थ्यांच्या पाया पडणार नाही.’ सही केल्यास दाखला मिळेल. अर्जदाराने विचारले की गावात कीर्तनाला शाळेतलीच मुले येतात, तेवढे वगळता येईल काय? मजकूर छापील असल्याने येणार नाही. बन्सीधरराव कळवळून म्हणाले, ‘आवो ताई, करा की सही. कोण बघायलंय हितं?’ कोण बघायलंय, हे अर्जदार लहानपणापासून कीर्तनात ऐकत आली आहे. तिने तीनदा दौत उघडली. एकदा खोटे लिहून झाले आहे. दुसऱ्यांदा हात उठत नाही.

११. करिता विनंती की, हमीपत्रावाचून दाखला द्यावा. तो मिळणार नाही, हे अर्जदाराला समजते. समजूनही अर्ज केला, कारण मुदत संपली नाही तोवर न मागणे हे तिला आळसाचे वाटते. दाखला नाकारावयाचा झाल्यास तो हुकूम पोस्टाने घरी पाठवावा. बालवाडीत शिपायाहाती पाठवू नये. अर्जदार आता तेथे नाही, नव्या बाई कडक आहेत, तरीही शाळा सुटताना मुले दिसेल त्याच्या पाया पडतात, असे ऐकते. शिपाई गरीब आहे. न जाणो, तोही वाकायचा.

आपली नम्र, ३१ तारखेपर्यंत प्रशिक्षणार्थी,
चांगुणाबाई भ्र. मुंजाजी
मु. पो. ताडकळस
दि. २४ मार्च १९७६

सोबत :
१) पाठाचा गुणतक्ता (७१/१००).
२) वैद्यकीय दाखला, अर्जदार निरोगी असल्याबद्दल.
३) भोवळीचा खुलासा, नक्कल. हा खोटा आहे.
४) हमीपत्र, छापील. सहीची जागा कोरी.