ज्या कागदात माझं नाव नाही

१२ जून, गुरुवार
बारामती कोर्टाची नोटीस आली. ह्यांची पहिली बायको सुवर्णा ईशूचा ताबा मागतेय. माहेर निरवांगी, आता इंदापुरात दवाखान्यात नोकरीला आहे म्हणे. पोरगी दोन वर्षांची असताना गेली ती सहा वर्षं फिरकली नाही. आता आईपण आठवलं.
सासऱ्यांना काही वाटलं नाही. आबा म्हणाले, "सोडचिठ्ठी झालीया की. पोर आमच्याकडं ऱ्हाईल, असं स्टँपावर लिवलंय. दोन्हीकडच्या पाच-पाच जणांच्या सह्या हायत." कपाटातून कागद काढून दाखवला. खाली नोटरीचा लाल शिक्का. पाच वर्षांपूर्वी माझ्या लग्नाच्या बैठकीतही हाच दाखवला होता. आम्ही सगळ्यांनी शिक्काच बघितला.

१६ जून, सोमवार
आमच्या वकीलबाईंनी कागद वाचला, बाजूला ठेवला. "ह्यानं घटस्फोट होत नाही. कोर्टाचा हुकूम कुठंय?"
म्हणजे सुवर्णा अजून ह्यांची बायको. मग मी कोण, विचारलं. बाई म्हणाल्या, त्यांची एक ज्यू मैत्रीण आहे पुण्यात. तिच्या धर्मात नवऱ्यानं सोडपत्र बायकोच्या हातात दिल्याशिवाय ती सुटत नाही. कोर्टानं मोकळं केलं तरी त्या कागदावाचून वर्षानुवर्षं अडकून पडलीय. "प्रत्येकाचा कागद वेगळा. तुमचा कोर्टातून यायला हवा होता."
कऱ्हाटीला घरी येईपर्यंत गाडीवर तेच डोक्यात. त्या बाईला सोडायला कागद लागतो. सुवर्णाला सोडायला लागतो. मला सोडायला काहीच लागणार नाही.

४ जुलै, शुक्रवार
निकाल लागेपर्यंत पहिल्या नि तिसऱ्या शनिवारी दोन तास भेट, कोर्टाच्या आवारात. उद्या पहिली.
ईशूला कोणत्या तोंडानं सांगू? चार वर्षांची असताना तिला कपाटात फोटो सापडला होता. ही कोण म्हणाली. मी म्हटलं, तुझी आई, देवाघरी गेली. मला कुणी शिकवलं नव्हतं. पोर माझी एकटीची व्हावी एवढंच होतं. पाप माझंच आहे.
शेवटी ह्यांनीच सांगितलं. मी मशीनवरून उठले नाही. लोकांचे ब्लाउज शिवत बसले.

५ जुलै, शनिवार
शिपायानं अडवलं. "तुमी मुलीच्या कोण?"
हे तिला घेऊन आत गेले. मी लिंबाखाली उभी.
परत येताना ईशू गाडीवर आमच्या दोघांच्या मधे. म्हणाली, "मम्मी, देवाघर इंदापुरात हाय व्हय?"


६ जुलै
सुवर्णानं दिलेला फ्रॉक ईशूला होईना. सहा वर्षांच्या मुलीचा. आधी रागच आला, पोरगी केवढी झाली हेही हिला ठाऊक नाही. तसं बोलले तर हे खाली बघून म्हणाले, "आली हुती ती. दोनदा. आबांनी कागद दाखवून दारातनंच परत लावली."
पाच वर्षं ह्यांनी हे पोटात ठेवलं. आणि मी तिला देवाघरी पाठवून मोकळी.
कडेची शिवण उसवली. आत दोन बोटं कापड होतं, तेवढं सोडलं. खाली पट्टी जोडली.

१९ जुलै, शनिवार
ईशू तोच फ्रॉक घालून गेली. भेट संपल्यावर सुवर्णा लिंबापाशी आली. माझ्यापेक्षा लहान असेल. टाचा भेगाळलेल्या.
"शिवण तुमची?"
"व्हय."
"पुढच्या टायमाला माप द्या. अंदाजानं घेतलं मी."
वहीतलं पान फाडून दिलं. छाती, कंबर, उंची.

८ ऑगस्ट, शुक्रवार
दोन्ही वकिलांचं ठरलं. दोघांच्या संमतीनं घटस्फोट. सुवर्णाची एकच अट, ईशू तिच्याकडे.
हे म्हणाले, "एकदा त्यो झाला की आपलं रीतसर लगीन लावू. मग तुला कोण काय म्हणंल?"
"आणि ईशू?"
"सुट्टीत यील की."
इतकी वर्षं मला बायको व्हायचं होतं. आता व्हायचं तर...

१० ऑगस्ट, रविवार
अर्ज घरी आणलाय. नऊ पानं. दोनदा वाचली. ईशूचं नाव अकरा वेळा. माझं कुठंच नाही. पाच वर्षांचे डबे, वेण्या, गोवर, पाढे, ह्यातलंही काही नाही.
नाही म्हटलं तर केस चालत राहील. ईशू आजच्यासारखी इथं, पुढं कोर्ट ठरवील ते. मी आहे तशीच, कुणाचीच कुणी नाही. हो म्हटलं तर सहा महिन्यांनी पुन्हा विचारतात, मग हुकूम. वकीलबाई म्हणाल्या, तोवर कुणीही मागं फिरू शकतं. कुणीही म्हणजे ते दोघं.
हे म्हणतात, "तू न्हाय म्हणलीस तर मी सही करत न्हाय. तूच सांग." सोडचिठ्ठी लिहिताना ह्यांनी कुणाला विचारलं होतं? आता मोठेपणा माझ्या गळ्यात.
हे उठून गोठ्यात गेले. मी ईशूच्या वेण्या घालत होते. तिनं सगळं ऐकलेलं. आरशातून माझ्याकडं बघत म्हणाली, "मी तिकडं ऱ्हायला गेले की मग तू देवाघरी का?"
एक वेणी झाली, दुसरी राहिली. ती उत्तरासाठी तशीच बसून आहे. उद्या अकराला कोर्ट.