स्टेजवरची शाल

लातूर
२३ फेब्रुवारी २०२६

ती. बाबांस,
धम्मप्रियाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

फोन करायचा धीर होईना, म्हणून कागद घेतला. महामाया आत्याला आता कसं आहे? पुन्हा चक्कर आली का? दवाखान्यातून निघताना ती माझ्याकडे बघतही नव्हती. बघणार तरी कशाला! दिवाळीपासून पातळावर बूट घालून कॅनॉलच्या रस्त्यानं सराव केला, आणि भाचीनंच भरवलेल्या शर्यतीत तिला एक पाऊल पळायला मिळालं नाही. जागच्या जागीच पडली.

अण्णाराव औशाहून निघालेच उशिरा. टी-शर्ट, केळी, पाणी, सगळं त्यांच्या ट्रॅक्टर शोरूमचं. त्यांच्या हातून हिरवी झेंडी पडल्याशिवाय शर्यत सोडायची कशी, म्हणून मी माणसं उन्हात ताटकळत ठेवली. बरं, ते आल्यावर तरी सोडायची! तर मी सत्कार काढले. आपल्याकडं शाल-श्रीफळाशिवाय कार्यक्रम झाला असं कोण म्हणतं? शेवटी तुमचं नाव पुकारलं. मी बँकेतली नोकरी सोडून शर्यती भरवायला निघाले तेव्हा एकटे तुम्हीच हो म्हणाला होतात, म्हणून. वर अण्णाराव तुम्हाला शाल पांघरत होते आणि खाली आत्या पडली.

लाज वाटते, बाबा. ग्रुपवर लोकांनी लिहिलंय की बाईंनी पळण्याची नव्हे, सत्काराची स्पर्धा ठेवली होती. मी आधी हसले, मग रडले. पुढच्या महिन्यात नांदेडची शर्यत आहे, खर्च पुन्हा अण्णारावांचाच. ती रद्द करून परत नोकरी बघावी म्हणते. तुम्ही सांगाल तसं.

रागावलात तरी माया असू द्या.
तुमची,
धम्मप्रिया

नायगाव
२ मार्च २०२६

चि. प्रियास,
बाबाचा जयभीम आणि आशीर्वाद.

पत्र पावलं. आत्या ठणठणीत हाय. पुन्हा बूट चढवून कॅनॉलवर जाऊन राहिली. माझ्या भाकरी पहिल्यासारख्याच आणून देते, मलाच त्या गिळत न्हाईत.

सगळी चूक तू आपल्या पदरात घेतलीस. माझी पण लिहितो. स्टेजवरून मला ती दिसली होती. डोकं धरून खाली बसली, ते मी बघितलं. हाक मारायला पाहिजे होती. पण अण्णारावांनी शाल उघडली होती, फोटोवाला इकडं बघा म्हणत होता. जन्मभर एसटीत तिकिटं फाडली, स्टेजवर कुणी पहिल्यांदा बोलावलं होतं. मी मान पुढं केली. सख्खी बहीण खाली पडून राहिली अन् मी फोटोसाठी हसून राहिलो. शेजारचा लिंबाजी तो फोटो कौतुकानं दाखवायला आला, तर त्याच्यावरच खेकसलो. तिला हे सांगायची हिंमत माझ्यात न्हाई.

नोकरीचं नाव काढू नको. कंडक्टर असताना मी कुण्या पुढाऱ्यासाठी गाडी थांबवली न्हाई, टायमाला घंटी मारली. तू पण टायमाला सोड, अन् अण्णारावांना तसं आधीच तोंडावर सांग.

शाल आत्याबरोबर पाठवतो. सगळ्यात शेवटी पळत येईल त्याच्या अंगावर टाक. मी येणार न्हाई. लई आग्रह करू नको.

जमलं तर बापावर पहिल्यासारखा जीव ठेव.
तुझा बाबा,
आनंदराज

नांदेड
२९ मार्च २०२६

ती. बाबांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

आज शर्यत सहाच्या ठोक्याला सोडली. अण्णारावांना आठ दिवस आधीच सांगितलं होतं, तेव्हा हाव हाव म्हणत त्यांनी मान डोलावली होती. त्यांची गाडी आली तेव्हा मैदानात फक्त मंडपवाला होता. माझ्यावर असे तडकले! पुढच्या वेळी दुसरा कुणी बघा म्हणाले. बघेन दुसरा कुणी.

झेंडी आत्याच्या हातात दिली होती. तिनं ती दाखवली, कमरेला खोचली आणि स्वतःच पळत सुटली!

शेवटी आली तीही तीच. तोंड लालबुंद, पदर सुटलेला. मी शाल पुढं केली, तर तिनं त्या शालीनं घाम पुसला आणि विचारलं, तुझा बाप कुठाय. मी म्हटलं, त्यांना तोंड दाखवायची लाज वाटते. त्यावर ती म्हणाली की ती खाली बसली तेव्हा दादानं बघितलं, हे तिनंही बघितलं होतं.

बाबा, तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. उन्हात उभं केलं त्याचा राग केव्हाच गेला म्हणाली. पण रोज भाकर घेऊन दारात येते आणि दादा खाली मान घालून ताट घेतो, बोलत काही नाही, याचा तिला फार राग आहे. महिना झाला, ती वाट बघते आहे.

हे पत्र तिच्याच हाती देते आहे. वाचून झालं की मान वर करा. ती समोरच उभी असेल.

माझ्यावरचा लोभ नंतर, आधी तिच्याशी बोला.
तुमची,
धम्मप्रिया