साहेबानं आमच्या गच्चीवर वारा मोजला

कुंभार पिंपळगाव,
मार्च २००१

मस्तगडच्या आक्काला धाकट्या भावाचं, पुंजारामचं, पायावर डोकं.

तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? दाजींचा खोकला थांबला असंल तर हे त्यांनाच मोठ्यानं वाचायला लाव, कारण बातमी मोठी हाये.

मागं साताऱ्याकडं साडूकडं, भुजंगरावाकडं, गेल्तो. तिथल्या पठारावर पूर्वी कुसळं सोडून काही उगवत नव्हतं. आता नजर जाईल तिथवर पवनचक्क्या फिरून राह्यल्या. वारा फुकटचा, वीज विकतची. माळाला भाव आला, डोंगरावर डांबरी रस्ता गेला, पोरं कामाला लागली, अन् भुजंगराव (ज्यांना घरात कुणी इचारत नव्हतं) शिट्टी घेऊन चक्कीची राखण करतात. मलाच म्हणाले, "पास दाखवा."

मला तर झोपच लागंना. आपल्याकडं वारा काय कमी हाये? तिथल्या चक्की-कंपनीच्या साहेबाला जालन्याच्या एमआयडीसीत यायचंच होतं (आपले लोखंडाचे कारखानेवालेबी आता चक्क्या घेऊन राह्यले). मी त्यांना बिलकुल सोडलं न्हाई, गावात आणलं. सरपंच रामराव नवा फेटा बांधून आले. साहेबानं आपल्या गच्चीवर वारा मोजायचं यंत्र उभं केलं, दांड्यावर फिरणाऱ्या तीन वाट्या. सारं गाव माना वर करून उभं, अन् वाटी काही हलंना.

रामरावांनी इचारलं, "साहेब, बटन दाबलं का?"

मंग मी गुपचूप पाण्याच्या टाकीमागं ज्वारी उफणायचा पंखा लावला अन् हातानं त्याचा दांडा फिरवला. वाट्या अशा गरगरल्या की लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण पंख्यात मागच्या साली अडकलेला भुसा रामरावांच्या साऱ्या फेट्यावर गेला, अन् साहेब शिंकत शिंकत टाकीमागं आले.

"पुंजारामराव, हा वारा रोज किती वेळ असतो?"

म्हणलं, "हात भरून येईपर्यंत."

साहेब खो खो हसले. म्हंजे निम्मं काम झालंच समज.

तुझा,
पुंजाराम

ता.क. इथं मोठ्या चक्कीपुरता वारा न्हाई, असं साहेब जाताना बोलले. पण त्यांचा आवाज बसल्ता, मला बराबर ऐकू आलं न्हाई.

दुसरा ता.क. आक्का, मी उषा. यांनी पाकीट टपालात टाकायला माझ्याच हाती दिलं. साहेबाला त्या दिवशी मी पिठलं-भाकरी वाढल्ती. ते म्हणाले, पठारावर चक्क्या उभ्या करणाऱ्या गड्यांची खानावळ चालवा. माझी बहीण तिथं हायेच, मी हो म्हणले. सोमवारी निघून राह्यले. यांना भांडी घासायला संगं नेऊ की तुमच्याकडं ठेवू, तेवढं जल्दी कळवा.