तळहातावरचं पेट्रोल

अण्णा, माझं विमान भातशेतात उतरवावं लागलं. बदलापूरच्या पुढे, बारवी धरणाच्या बाजूला, कापणी झालेल्या शेतात. शेजारी माझी विद्यार्थिनी होती, अंबरनाथची, तुमच्या नातीच्या वयाची. उडताना इंजिन दुसऱ्या टाकीवर घेतलं आणि ते दोनदा खोकून गप्प झालं. परत पहिली टाकी लावली, पण तोवर जमीन जवळ आली होती. विमान मी सरळ टेकवलं हो, पण पुढचं चाक बांधाला अडलं आणि आम्ही उलटलो. पाड्यावरची माणसं धावत आली. "उठू नको गं बाय, पडून रहा," एक म्हातारी तिला सांगत होती. पोरीची कंबर मोडली. मला मेल्याला खरचटलंसुद्धा नाही.

टाकीत पाणी होतं, अण्णा. तुम्हाला आठवतं का, विमान चालवायला शिकू लागल्यावर सुट्टीत मी कॅम्प तीनच्या तुमच्या गॅरेजात येऊन शहाणपणा करत होतो? कुणा सिंधी साईंची स्कूटर चालू होत नव्हती. तुम्ही टाकीतलं बाटलीत काढून माझ्यासमोर धरता. मी ऐटीत म्हणतो, "साफ आहे." तुम्ही तेच माझ्या तळहातावर ओतता. पेट्रोल असतं तर गार लागून उडालं असतं. हे तसंच बसून राहतं. "गाढवा, नुसतं पाणी आहे हे! थर दिसायला दोन गोष्टी लागतात, पाणी आणि पेट्रोल. म्हणे पायलट!" साईंसमोर टपली मारलीत. महिनाभर मी तुमच्याशी धड बोललो नाही.

त्या सकाळी पोरीने टाकीतला नमुना माझ्या हातात दिला. "सर, तुम्ही बघता का? मला नीट कळत नाहीये." विमानाचं पेट्रोल फिकट निळं असतं. मी ग्लास वर धरला, म्हणालो, "निळं आहे की. चल." तो निळा रंग मागच्या आकाशाचा होता. हातावर ओतायला कितीसा वेळ लागला असता?

चौकशीत विचारलं, इंधन कोणी तपासलं? मी म्हणालो, विद्यार्थिनीने.

परवा तिच्या घरी गेलो होतो. भिंत धरून चालते आता. तिच्या आईने चहा केला. पोरगी म्हणाली, "सर, माझंच चुकलं ना?"

हे सगळं चौकशीवाल्यांना लिहून द्यायला हवं. तुम्हाला लिहितोय, कारण तुम्ही आता टपली मारू शकत नाही. मी तिला म्हणालो, "असू दे गं, होतं असं." माफ केलं मी तिला, अण्णा.